गावकऱ्यांची खोली

मुंबईच्या हुतात्मा चौकात संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे स्मारक आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी ते प्रत्यक्ष पाहिले असेल, निदान चित्रात तरी पाहिले असेल. एक शेतकरी आणि एक कामगार शेजारी शेजारी उभे आहेत आणि दोघांनी मिळून एक मशाल उंच धरली आहे. शिक्षक मुलांना सांगतात की, ही खेड्याची आणि शहराची एकजूट. अर्थ बरोबरच आहे. परंतु ते दोन पुतळे पाहताना एक गोष्ट विसरू नये असे मला वाटते. मुंबईच्या गिरणगावात शेतकरी आणि कामगार ही पुष्कळदा दोन माणसे नव्हतीच. माणूस एकच. आठ-दहा महिने तो साच्यापाशी उभा असे आणि पावसाच्या तोंडावर रजा काढून गावी नांगर धरायला जाई. या माणसाची, आणि मुंबईत तो ज्या खोलीत राहिला त्या खोलीची हकीकत आज आपल्याला सांगायची आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्याचे ठरवले आणि १८५६ साली ताडदेवला तिचे काम सुरू झाले. शतक संपेपर्यंत गिरण्यांची संख्या सत्तरच्या पुढे गेली. परळ, लालबाग, भायखळा, चिंचपोकळी, वरळी, शिवडी हा सगळा भाग भोंग्यांच्या आवाजावर उठू-झोपू लागला आणि त्याला लोकांनीच नाव दिले, गिरणगाव. गाव हा शब्द त्यात उगाच आलेला नाही.

या गिरण्यांना माणसे कोठून मिळाली? कोकणातून मिळाली, घाटावरून मिळाली. १९११ च्या शिरगणतीच्या वेळी गिरणी कामगारांपैकी जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत असे, हे लक्षात घ्यावे. त्याखेरीज सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर या भागांतून माणसे आली. तुकड्यातुकड्यांची शेती, डोक्यावर सावकार आणि घरात खाणारी तोंडे जास्त. मग एक भाऊ गावी राही आणि एक भाऊ बोटीने किंवा आगगाडीने मुंबई गाठी.

मुंबईत पाऊल ठेवल्यावर जायचे कोठे? गिरणीच्या फाटकाशी उभे राहिले म्हणजे काम मिळत नसे. नोकरी देणारा जॉबर, म्हणजे मुकादम. तो ओळखीच्या माणसाला आधी घेई. पहिली काही वर्षे तर बदलीवरच काढावी लागत. कोणी कायम कामगार गैरहजर राहिला तर त्याच्या जागी त्या दिवसापुरते काम. अशा वेळी नव्या माणसाजवळ एकच पत्ता असे, तो म्हणजे आपल्या गावकऱ्यांच्या खोलीचा.

ही खोली म्हणजे काय ते नव्या पिढीला सांगायला हवे. चाळीतली एक दहा-बारा हात लांबीची खोली, काही भागांत तिला गाळा म्हणत. सरकारने १९२० नंतरच्या काही वर्षांत नायगाव, वरळी, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ बी.डी.डी. चाळी बांधल्या. त्यांतली एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. एवढ्या जागेत एका संसाराचे भागणे कठीण. गावकऱ्यांच्या खोलीत मात्र वीस-पंचवीस, कधी त्याहूनही अधिक पुरुष राहत. भिंतीला खुंट्या, खुंटीला सदरा आणि पिशवी. कोपऱ्यात एकावर एक रचलेल्या पत्र्याच्या पेट्या. वर दोरीला वळकट्या. पुढे गिरण्या पाळ्यांनी चालू लागल्या तेव्हा रात्रपाळीचा माणूस घरी येई आणि दिवसपाळीचा उठून जाई. सतरंजी मात्र तीच. उन्हाळ्यात निम्मी माणसे रस्त्याकडेला झोपत.

हे दृश्य पाहून बाहेरचा माणूस म्हणेल, ही कसली राहणी? गुराढोरांची दाटी! पण मंडळी, दाटीत राहिलेल्या माणसांनी आपापसांत जे नेम बांधले होते ते पाहिले म्हणजे हे मत बदलावे लागते.

माझे थोरले चुलते लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. त्यांच्या खोलीची एक जुनी हिशेबाची वही आमच्या गावच्या घरात आहे. तांबड्या कापडाच्या बांधणीची, कोपरे कुरतडलेली. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो; राजांचे तह आणि लढायांच्या सनावळ्या तोंडपाठ आहेत. परंतु खरे सांगतो, या वहीने मला जे शिकवले ते निराळेच आहे.

वहीच्या आरंभी श्री, त्याखाली ग्रामदैवताचे नाव आणि त्याखाली सभासदांची यादी. दरमहा प्रत्येकाची वर्गणी सारखी. जुना असो की नवा, साचेवाला असो की झाडूवाला, रक्कम एकच. बदलीवाल्याला काम मिळाले नाही, तर त्याच्या नावापुढे ‘पुढे देणार’ असा शेरा. पण नाव खोडलेले नाही. मग खर्चाची बाजू. खोलीचे भाडे, घासलेट, गणपतीचा खर्च, एका सभासदाच्या आजारपणात गावी पाठवणीचे भाडे, एकाच्या मयताचा खर्च, गावच्या शाळेच्या कौलांसाठी मदत. अधूनमधून दोघा पंचांच्या सह्या, आणि ज्यांना सही येत नव्हती त्यांचे अंगठे.

चुलत्यांना मी एकदा विचारले, “आप्पा, तुमच्या खोलीत सगळ्यांत मोठा गुन्हा कोणता?” मला वाटले, चोरी म्हणतील, दारू म्हणतील. ते म्हणाले, “गावाला गेलेल्याची खुंटी वापरणं.”

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, “अरे, माणूस भात लावायला गावी जातो. दोन महिने त्याचा पगार नाही, गिरणीत त्याच्या जागी बदलीवाला उभा. परत गेल्यावर आपली जागा राहील की जाईल ह्याचीच त्याला धाकधूक. निदान खोलीत तरी त्याची खुंटी रिकामी दिसली पाहिजे. नाहीतर तो कुठला?”

‘नाहीतर तो कुठला?’ हा प्रश्न मी त्यानंतर विसरलेलो नाही. आपण एखाद्या समूहाचे आहोत असे म्हणतो, तेव्हा त्याचा पुरावा काय? एकाच देवाच्या नावाने जयजयकार केला, एकाच सुरात नमन म्हटले, एकाच तऱ्हेची टोपी घातली, एवढे पुरे आहे काय? या सगळ्या गोष्टी गिरणगावात होत्याच. कोकणचा माणूस गणपतीत जाखडी नाची, दशावताराला गर्दी करी. घाटावरचा माणूस तालमीत घुमे, लेझीम खेळे. एकादशीला सगळे भजनाला बसत. परंतु खोलीची खरी परीक्षा भजनात नव्हती, ती त्या रिकाम्या खुंटीत होती. जो समोर नाही, ज्याचा आज काही उपयोग नाही, त्याची जागा राखून ठेवणे हा त्या लोकांचा धर्म होता. कोठे लिहिलेला नाही, पण पाळलेला.

असे करणारे केवळ आपलेच लोक होते असेही नाही. गोव्याहून मुंबईला आलेल्या ख्रिस्ती लोकांनी धोबीतलाव, माझगाव या भागांत आपापल्या गावांच्या नावाने ‘कूड’ काढले होते. बोटीवर काम करणारे तारवटी, स्वयंपाकी, वादक अशी माणसे तेथे उतरत. तेथेही रांगेने पेट्या, तेथेही गावच्या संताची तसबीर आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना. महिनोन् महिने दर्यावर असलेल्याची पेटी तेथे जागच्या जागी राही. धर्म निराळा, बोली निराळी, पण परगावी एकट्या पडलेल्या माणसाची गरज एकच. तेव्हा तिच्यातून निघालेली रीतही एकाच वळणाची निघाली.

या खोलीच्या शेजारी आणखी एक घर असे, खानावळवाल्या मावशीचे. गिरणगावात कुटुंब आणणे थोड्यांनाच परवडे. एकट्या पुरुषांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या बाया चाळीचाळीतून होत्या. महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी. संप झाला की पगार नाही. मग मावशी उधारीवर जेवू घाली, आणि उधारी वाढली की स्वतःची दागदागिन्यांची पुरचुंडी सावकाराकडे ठेवी. कामगारांच्या संपांचा इतिहास लिहिताना सभांची आणि पुढाऱ्यांची नोंद होते. या चुलींची फारशी होत नाही. पुढे १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळण्याची वाट मोकळी झाली. गिरण्यांतही बाया होत्या; विशेषतः सूत गुंडाळण्याच्या कामावर त्यांची संख्या मोठी होती. माझ्या चुलत्यांच्या वहीत मात्र एकाही बाईचे नाव नाही.

खोलीत शिकलेली एकमेकांना धरून राहण्याची रीत हळूहळू खोलीबाहेर आली. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा भरवल्या आणि बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन स्थापन केली. लोखंडे हे महात्मा फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. आठवड्याची एक सुट्टी द्या, ही त्यांची मुख्य मागणी. सुमारे साडेपाच हजार कामगारांनी अर्जावर सह्या केल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगारांची सभा झाली आणि तीत दोन स्त्री-कामगारांनीही भाषणे केली. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपल्या शाळेला रविवारी सुट्टी असते तेव्हा मुलांना ही तारीख जरूर सांगावी. लोखंडे स्वतः १८९७ साली प्लेगच्या साथीत रोग्यांची सेवा करताना वारले.

येथवर ऐकून कोणाला वाटेल की, मी जुन्या दिवसांचे नुसते गुणगान करतो आहे. तसे नाही. इतिहास सांगणाऱ्याने नाण्याची दुसरी बाजूही दाखवली पाहिजे. आणि ही बाजू माझ्याच घरच्या वहीत आहे.

त्या यादीत आमच्या गावच्या जवळजवळ प्रत्येक वाडीतली नावे आहेत. नाहीत ती फक्त बौद्धवाडीतली. त्या काळी त्या वाडीला जे नाव होते ते आज आपण घेत नाही. तेथलेही तरुण मुंबईला गेले होते, त्याच बोटीने गेले होते, त्याच गिरण्यांत खपत होते. मी आप्पांना विचारले, “ही माणसं कुठे राहत?” ते म्हणाले, “त्यांची खोली निराळी होती.” मी विचारले, “का?” आप्पा पुष्कळ वेळ गप्प बसले आणि मग उठून गोठ्याकडे गेले.

जे खोलीत होते तेच गिरणीत होते. त्या काळी विणकामाच्या खात्यात पगार चांगला असे. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून तिचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. एका धोट्याला अनेकांचे तोंड लागणार, म्हणून स्पृश्य कामगारांनी अस्पृश्यांना त्या खात्यात येऊ दिले नाही. ही बंदी मालकाने घातलेली नव्हती, खांद्याला खांदा लावून काम करणाऱ्या भावंडांनी घातलेली होती. त्या कामगारांच्या वाट्याला कमी पगाराची खाती आली.

१९२८ साली मोठा संप झाला. विणकऱ्याने दोनाऐवजी तीन साचे चालवावेत असे मालकांनी काढले, कामगार कमी होणार हे उघड झाले, आणि दीड लाखाच्या आसपास कामगार सुमारे सहा महिने बाहेर राहिले. ना. म. जोशी, डांगे, मिरजकर यांच्याबरोबर अर्जुन आत्माराम आळवे हे कोकणातून आलेले साध्या विणकऱ्याच्या जागेवरचे गृहस्थही पुढारी होते. या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना सरळ प्रश्न केला की, तुमच्या मागण्यांत अस्पृश्य कामगारांना विणकामाच्या खात्यात जाऊ देण्याची मागणी आहे काय? ती नसेल तर आमच्या माणसांनी या संपात का यावे? पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण नाखुशीने घेतली.

हा प्रश्न विचारणारे गृहस्थ बाहेरचे नव्हते, हे ध्यानात घ्या. बाबासाहेबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यांचे वडील रामजी सातारहून मुंबईला आले ते परळच्या चाळीत राहिले, आणि बाबासाहेबांनी स्वतः अनेक वर्षे परळच्या बी.आय.टी. चाळीत काढली. ते गिरणगावचेच रहिवासी होते. आप्पांच्या भाषेत सांगायचं तर ते गावचेच होते, पण गावाने त्यांची खुंटी राखली नव्हती.

मालकाविरुद्ध एकजूट मागणाऱ्या कामगाराने स्वतःच्या दाराला आतून कडी लावावी काय, असा हा प्रश्न होता. आणि हा प्रश्न केवळ त्या एका संपाचा नाही. कोणताही समूह आपल्यांना जवळ करतो तेव्हा त्याच हाताने कोणाला तरी दूर लोटत असतो. जवळ करणे डोळ्यांना दिसते, त्याच्या गोष्टी होतात, गाणी होतात. दूर लोटणे वहीतल्या नसलेल्या नावांत लपून राहते.

पण गिरणगाव तेथेच थांबले नाही, हेही सांगितले पाहिजे. दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलहाच्या विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावट्याचे पुढारी बरोबरीने उभे राहिले आणि सभेला एका व्यासपीठावर बसले. १९४४ साली लाल बावटा कलापथक निघाले. त्यात बार्शीचे अमर शेख होते, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे होते, गवाणकर होते. मुसलमान घरातला एक, मातंग घरातला एक. आणि त्यांच्या डफावर सगळे गिरणगाव डोलले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांनी प्राण दिले त्यांत गिरणी कामगारांची संख्या मोठी होती. म्हणून त्या स्मारकावर राजा नाही, सेनापती नाही. शेतकरी आणि कामगार आहेत.

शेवटचा अध्याय आपल्याला ठाऊक आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप कोणी रीतसर मागे घेतलाच नाही. तो विरत गेला आणि त्याच्याबरोबर गिरण्याही गेल्या. जेथे चिमण्या होत्या तेथे आज काचेच्या इमारती आहेत, आणि जुन्या चाळी पाडून त्या जागी उंच घरे उभी करण्याचे काम चालू आहे. आप्पाही त्या संपात गावी परतले ते कायमचेच. कित्येक वर्षे गावाने मुंबईच्या मनीऑर्डरीवर दिवस काढले होते. आता गावाने मुंबईकराला भात घातला. तेव्हा गावाने त्यांची खुंटी राखली होती असे म्हणायला हरकत नाही.

आप्पा गेले त्याच्या आदल्या वर्षीची एक आठवण आहे. बौद्धवाडीतले एक वृद्ध गृहस्थ आमच्या ओटीवर आले. तेही गिरणीतले, आप्पांच्याच वयाचे. दोघे भोंग्याच्या वेळा, बदलीचे दिवस, मुकादमाच्या लहरी यांवर बोलत बसले. बोलता बोलता आप्पांनी मला ती वही आणायला सांगितली आणि त्यांच्यासमोर उघडून ठेवली. पाहुण्यांनी पाने उलटली, यादीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, “हिशेब चोख आहे.” एवढेच बोलले. आप्पांनी मान खाली घातली. त्या दोन म्हाताऱ्यांमध्ये त्या क्षणी जे झाले ते माझ्या कोणत्याही ग्रंथात नाही.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. आपल्या गावातून कोणी ना कोणी गिरणीत गेलेले असेलच. त्या घरांत अशा वह्या असतील, मंडळाच्या पावत्या असतील, एखादी पत्र्याची पेटी असेल. वरच्या वर्गातल्या मुलांना त्या घरी पाठवा. कोणकोण एकत्र राहिले, वर्गणी कशी ठरे, आजाऱ्याला कोण पाही, हे त्यांना विचारून लिहून घेऊ द्या. बायांनाही विचारायला सांगा, कारण त्यांची नावे वह्यांत नाहीत. आणि मुलांनी यादी उतरून आणली की तिच्यातली नावे त्यांच्याकडून वाचून घ्या; मग गावातल्या सगळ्या वाड्यांची नावे फळ्यावर लिहा, आणि कोणती वाडी यादीत नाही हे त्यांचे त्यांना शोधू द्या.